नवऱ्याकडे पाहुणी

लग्न झालेली बाई नवऱ्याकडे जाऊन काही दिवसांनी परत येते, यात आमच्या मेढ्याला नवल वाटत नाही. जावळी तालुक्यातल्या कित्येक घरांचा संसार असाच झाला. नवरा मुंबईत माथाडी कामाला, बायको गावी शेती आणि सासू-सासरे सांभाळायला. सुगी उरकली की ती त्याच्या खोलीवर जायची. परत कधी येणार, एवढंच शेजारीण विचारायची.

माझ्या पुतणीचा नवरा अमेरिकेचा नागरिक. विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांची नोटीस लागून, साताऱ्यात रीतसर लग्न झालं. तिला इथली शाळेतली नोकरी इतक्यात सोडायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना भेटून यायचंय, बस. त्यासाठी बी-2 हा पाहुण्यांचा व्हिसा. नागरिकाच्या बायकोला तो मिळूच नये, असं कायदा म्हणत नाही. पण तिथल्या 1952 च्या कायद्याचं कलम 214(बी) असं सांगतं, की अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं धरून चालायचं. तसं नाही, हे त्यानं अधिकाऱ्याला पटवायचं. नवरा तिथला म्हटल्यावर हा संशय आणखी घट्ट होतो. लग्न हाच तिच्याविरुद्धचा पुरावा व्हावा, हे मला फार लागतं.

अर्जात प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलाय का? जावयानं तो केला असेल, तर पाहुणी म्हणून जाणं अवघड होतं. केला नसेल, तर पुढे जेव्हा खरंच तिकडे राहायला जायचं असेल, तेव्हाची वाट तितकी लांबते. फी 185 डॉलर. नकार आला तरी ती परत मिळत नाही आणि त्या नकारावर अपीलही नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

कागदपत्रं बघणाऱ्या एजंटानं सांगितलं, परत येणार याला आधार म्हणून सातबारा आणा. आणला. भाताची खाचरं थोरल्या भावाच्या नावावर, खाली विहिरीची नोंद, पुतणीचं नाव कुठेच नाही. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हक्क दिला खरा, पण उताऱ्यावर तिचं नाव बहुधा बाप गेल्यावर, वारसनोंदीतच चढतं. माझा भाऊ धडधाकट आहे, हे तिच्या अर्जाच्या आड यावं?

पाहुणे म्हणून जाऊन तिथेच राहणारे असतात, हे मला मान्य आहे. त्यांना जरूर अडवा. पण जी शाळेची रजा मंजूर करून घेऊन, परतीची तारीख सांगून जाते, तिला तिच्या वागण्यावरून जोखा. जावयाला मेढ्याला यायचं झालं, तर भारताचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. तू इथेच राहणार नाहीस हे आधी मुलाखतीत सिद्ध कर, असं आपण त्याला म्हणत नाही.

भाऊ आता म्हणतो, हयातीतच वाटप करू आणि फेरफार करून तिचं नाव लावू. सुट्टीपुरत्या पाहुणचारासाठी खाचरांची वाटणी करायला माझी तयारी नाही. पुतणीचीही नाही. ती म्हणाली, "काका, मी शाळेचं पत्र घेऊन जाते. तेवढं पुरलं पाहिजे."