जलंब गेलं की दारात या

बसल्या जागी, गाडीतून न उतरता खायची युक्ती अमेरिकेची, हे शेगावच्या माणसाच्या गळी उतरणं कठीण आहे. माझा पुतण्या टेक्ससहून फोनवर ड्राइव्ह-थ्रूचं कौतुक सांगतो, तेव्हा आमची ही नुसती हसते.

कॅलिफोर्नियातल्या बाल्डविन पार्कला १९४८ साली एका बर्गरवाल्याने गाडीतूनच ऑर्डर सांगायला स्पीकर लावला. मॅकडोनल्ड्सला ते १९७५ मध्ये सुचलं, तेही ॲरिझोनातल्या सैनिकांमुळे. छावणीबाहेर कामाच्या गणवेशात गाडीतून उतरायची त्यांना मनाई होती, म्हणून भिंतीला खिडकी पाडली. आमच्याकडे १९५०च्या सुमारास, फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगाव स्टेशनवर कचोरी सुरू केली, तेव्हा खिडकी पाडायची गरजच नव्हती. मुंबई-हावडा लाइनवरच्या प्रत्येक डब्याला ती होतीच!

फरक एवढाच, की तिकडे गिऱ्हाईक पुढे सरकतं, इकडे विकणारा गाडीबरोबर पळतो. मुगाच्या डाळीचं सारण भरलेली गरम कचोरी कागदात, वर तळलेली हिरवी मिरची. कचोरी आत येते, पाचशेची नोट बाहेर जाते, आणि गाडी हलते. उरलेले पैसे मिळेपर्यंतचा ते अर्धं मिनिट माणसाला जितका देव आठवतो, तितका देवळाच्या रांगेतही आठवत नाही. एसीवाल्यांचे हाल तर विचारू नका. काच उघडत नाही, म्हणून शेगावच्या आधीचं जलंब स्टेशन गेलं की मंडळी दारात दाटीवाटीने उभी.

पुतण्याची गाडी काही लहान नाही. त्याच्याकडे सुबारूची असेंट आहे. २०१८ साली विक्रीला आलेल्या या गाडीत माणसं बसतात जास्तीत जास्त ८ आणि कपहोल्डर १९! म्हणजे माणशी दोन पेले धरले तरी वर तीन उरतात. कॉफी गाडीत, नाश्ता गाडीत, बँकेचं कामही गाडीतूनच. पायी निघालं तर लोक थांबून विचारतात, गाडी बंद पडली का?

आपण हसावं, तर आपलं तरी काय? आमच्या गल्लीतले एक गृहस्थ पालखीबरोबर पंढरपूरला जातात, सुमारे सातशे किलोमीटर, पायी. परत आले की कोपऱ्यावरून साखर आणायला स्कूटर काढतात. सकाळी कचोरीच्या दुकानापुढे बघा, निम्मे लोक सीटवर बसूनच खातात, इंजिन चालू. पेट्रोलच्या नावाने बोटं मोडतात तीही तिथेच, तोंडात घास असताना.

गेल्या हिवाळ्यात पुतण्या आला, नागपूरहून भाड्याची गाडी करून. देवळात दर्शन झालं, महाप्रसाद झाला. तिथे मात्र मांडी घालून बसावं लागलं, आणि उठताना त्याला दोघांनी हात दिला. निघताना कचोऱ्या बांधून घेतल्या.

"घरी जाऊन खा रे, सांडशील," ही म्हणाली.

"काकू, गाडीत खायची सवय आहे मला."

कचोरी एका हातात, फोन दुसऱ्या हातात. मग मिरच्या कुठे ठेवायच्या? ठेवल्या कपहोल्डरमध्ये. नागपूरला पोचल्यावर ड्रायव्हरने सवयीने तिथे बोटं घातली आणि तीच बोटं डोळ्याला लावली.

"सायेब," तो डोळे चोळत म्हणाला, "हे मिरच्या इथं कायले ठेवल्या?"