माननीय चार लोकांस, हप्त्याच्या तारखेपूर्वी

प्रति,
माननीय चार लोक,
मुक्काम : जिथे मांडव असेल तिथे, तूर्त पूर्णगड, जि. रत्नागिरी.

विषय : लग्नकर्जाच्या हप्त्यांत आपला वाटा किती, याबाबत.

आपले नाव आजवर एकाही लग्नपत्रिकेवर छापले गेलेले नाही, तरी प्रत्येक लग्नाची यादी आपल्याला विचारूनच होते. ‘चार लोक काय म्हणतील’ हे वाक्य पूर्णगडच्या बंदरापासून पावसच्या बाजारापर्यंत आणि मुचकुंदी नदी ओलांडून गावखडीतही वधूपित्याच्या तोंडी असते. नवल एवढेच की, साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत ज्यांच्या मताला इतका मान, ते चौघे नक्की कोण हे कुणालाच सांगता येत नाही. भावकीला विचारावे तर भावकी म्हणते, आमचं काही म्हणणं नाही, करायचं तसं करा. मुंबईच्या चाकरमान्यांना विचारावे तर ते म्हणतात, आता गावातच असं चालतं. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिले जात आहे. ज्याला आपला पत्ता ठाऊक असेल त्याने पोचवावे.

सध्या आपल्या पसंतीचा कार्यक्रम असा समजतो : साखरपुडा हॉलमध्ये, हळदीला डीजे, लग्न कार्यालयात, रिसेप्शन वेगळे, आणि या सगळ्याच्या आधी किल्ल्यावर प्री-वेडिंग. त्यात पूर्णगड पडला इवलासा. मुचकुंदीच्या मुखावर छोट्या टेकडीवर बसलेला, दाराशी मारुती, पलीकडे समुद्राच्या बाजूला दुसरा दरवाजा. ड्रोन वर गेला की दोन मिनिटांत गड संपतो. मग जोडपे तटावरून चालवायचे, दरवाजात थांबवायचे, नवरीचा झगा वाऱ्यावर सोडायचा, तो करवंदीच्या जाळीत अडकला की मावसबहिणीने धावत जाऊन सोडवायचा आणि पुन्हा सोडायचा. मारुती ब्रह्मचारी. तो काही बोलत नाही.

मुहूर्त अर्थातच मेमधला, कारण चाकरमानी तेव्हाच येतात. कार्यालय, केटरर, गाड्या, बेंजो, सगळ्यांचे भाव याच महिन्यात चढलेले. आणि खरी गंमत पुढे आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी. होड्या वर ओढून शाकारलेल्या. हापूस संपलेला, आणि ज्याने हंगामाआधीच वाशीच्या दलालाकडून उचल घेतली होती त्याच्या पेट्यांचे पैसे त्या उचलीत वळते झालेले. शाळा उघडलेल्या, वह्या-पुस्तके, रेनकोट. वर्षातले सर्वांत कोरडे खिसे असतात ते नेमके पावसाळ्यात. मेमध्ये काढलेल्या कर्जाचा पहिला हप्ता दारात येऊन उभा राहतो तो याच जूनमध्ये. आपण चौघे त्या वेळी कुठे असता, हे कळायला मार्ग नाही. बहुधा पुढच्या मांडवाच्या तयारीला लागलेले असावेत.

थोडा हिशेब सोसावा. समजा, कुणी आपल्या समाधानासाठी ५ लाखांचे वैयक्तिक कर्ज काढले, व्याज १४ टक्के, मुदत ५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ११,६३० रुपये. फेडून होईपर्यंत बँकेला गेले ६ लाख ९८ हजार. म्हणजे जवळपास २ लाख रुपये अशा गोष्टीचे गेले जी मांडवात कुणी पाहिलीच नाही, कुणाच्या पानात पडली नाही, अल्बममध्येही नाही. नातवाचे बारसे होते तेव्हाही आजोबा आईच्याच लग्नाचा हप्ता भरत असतात. सोने तारण ठेवून पैसे उचलले तर व्याज कमी, हे खरे. पण मग लेकीच्या अंगावर घालायचे काय, असा आपलाच पुढचा प्रश्न असतो.

पूर्वी लग्ने फुकट होत होती असे नव्हे. खर्च व्हायचाच, पण त्यातला मोठा भाग रोकडा नव्हता. मांडव बांबूच्या मेढींचा आणि माडाच्या झापांचा. झापे वाडीतच विणली जायची. भांडी गावकीची. अजूनही कित्येक वाड्यांत ती आहेत : बुडाशी चेपलेले टोप, पितळी ओगराळी, कडेवर टाकीने कोरलेले वाडीचे नाव, आणि किती गेली किती आली हे लिहिलेली एक शंभर पानी वही. हळदीच्या रात्री परड्यात चर खणून चूल पेटायची, पुरुष कांदे चिरायला बसायचे, बायका खोबरे खवायच्या, आणि उद्याच्या भाताला तांदूळ किती घालायचे यावर दोन म्हाताऱ्यांचे भांडण मध्यरात्रीपर्यंत चालायचे. पंगतीला डाळ-भात, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, पापड, बुंदी, सोलकढी. आज तुम्ही माझ्याकडे राबलात, उद्या मी तुमच्याकडे, हा हिशेब होता आणि त्याला व्याज नव्हते. (त्या राबण्यात बायकांची कंबर किती मोडायची, हेही विसरू नये, केटरर आला तेव्हा पहिला सुटकेचा निःश्वास स्वयंपाकघरातूनच निघाला.) मात्र हात गेले आणि त्यांच्या जागी बिल आले. ते बिल लग्नाच्या आकाराइतकेच राहिले असते तरी चालले असते. ते आपल्या आकाराचे झाले.

आपला व्यवसाय जुना आहे, याची कल्पना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जरोखे जाळले. चौकशीला सरकारने आयोग नेमला. साहेबलोकांचा आवडता सिद्धान्त असा की, कुणबी बुडतो तो लग्नात उधळतो म्हणून. आयोगाने मात्र लिहिले की लग्नखर्चाला नको तितके महत्त्व दिले जाते. खर्च ऐपतीच्या मानाने जास्त खरा, पण असे प्रसंग येतात क्वचित. आयोगाचा हा निष्कर्ष आपल्याला सोयीचा वाटेल. पण त्या काळी एका लग्नातून चार समारंभ निघत नव्हते.

त्या उठावाच्या दोनच वर्षे आधी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला होता आणि डिसेंबर १८७३ मध्ये पुरोहिताशिवाय, अगदी थोडक्या खर्चात पहिले सत्यशोधक लग्न लागले. आपली तिथे काही मात्रा चालली नाही.

आणि जवळचेच पाहायचे तर चिपळूण. फेब्रुवारी २०१३. राज्यात दुष्काळ, आणि तत्कालीन राज्यमंत्री भास्कर जाधव यांच्या मुलांच्या लग्नाचा डोळे दिपवणारा सोहळा. शरद पवारांनी जाहीरपणे कान टोचले, जाधवांनी माफी मागितली. म्हणजे आपण म्हणता ते ‘लोक काय म्हणतील’ एकदा तरी उलट्या दिशेने खरे ठरले : लोक बोलले, पण खर्च जास्त झाला म्हणून! कमी खर्चाच्या लग्नावरून कुणा मंत्र्याला माफी मागावी लागल्याची नोंद नाही.

सर्वांत अडचणीचा पुरावा २०२१ चा. कोरोनामुळे एप्रिलच्या २२ तारखेपासून राज्य सरकारचा हुकूम लागू झाला : लग्नाला २५ माणसे, एकच कार्यक्रम, दोन तासांत आटपायचे, नियम मोडला तर ५० हजार दंड. त्या काळात रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंत लग्ने लागली, आणि ती कमी लागली असे एकाही व्याह्याने म्हटलेले नाही. उलट ‘सुटलो’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले, अर्थात हळू आवाजात. पुढे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही सांगावे लागले की हिंदू विवाह म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे. २०२५ मध्ये पुण्यातले हुंड्याचे एक प्रकरण गाजल्यावर मराठा समाजाच्या बैठकांतून आचारसंहिता आली : माणसे शे-दोनशे, प्री-वेडिंग नको, डीजे नको. ती किती पाळली जाते ते पुढच्या मेमध्ये रस्त्याच्या कडेला उभे राहिले की ऐकू येईल.

कायद्याचे म्हणाल तर तो अगदीच काटकसरी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे, मग तीन साक्षीदारांसमोर सही. तीन! आपण चार आहात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक जण जास्तच. निकाहलाही दोन साक्षीदार आणि मेहर पुरतात. वलीम्याच्या जेवणाचा आकार शरियतने नव्हे, आपणच वाढवलेला. घरच्या मांडवात लग्न लावले तरी ग्रामपंचायतीत ९० दिवसांच्या आत नोंद करता येते. शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी शुभमंगल योजना आहे. सामूहिक किंवा नोंदणी विवाह केला आणि अटींत बसला, तर अनुदान मिळते. पूर्वी १० हजार होते, आता २५ हजार. म्हणजे साधे लग्न केले तर सरकार पैसे देते आणि थाटात केले तर बँक देते. फरक एवढाच की बँक परत मागते.

तेव्हा पूर्णगड पंचक्रोशीतल्या समस्त वधूपित्यांच्या आणि वरपित्यांच्या वतीने (वरपिता हा प्राणी खर्चाच्या यादीत ऐन वेळी गायब होतो, म्हणून मुद्दाम नमूद) आपल्यापुढे प्रस्ताव असा. यापुढे खर्च अर्धा-अर्धा, आणि आधी बँकेतले शिल्लक पैसे मोजून मग यादी, यादी करून मग पैसे नव्हे. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर लगेचचा, म्हणजे होड्या पाण्यात आणि भाताचे पैसे हातात. चाकरमानी येणार नाहीत अशी भीती दाखवू नये. गणपतीला रजा मिळते, तर सख्ख्या पुतणीसाठीही मिळेल. मानपानाच्या साड्या बंद, कारण त्या घेणारीला नकोच असतात आणि पुढच्या लग्नात तीच घडी तशीच फिरते. भांडी वाडीची, पण राबायला या खेपेला फक्त बायका नव्हेत.

हे मान्य नसल्यास सोबत कर्जाचा फॉर्म जोडला आहे. जामीनदाराच्या रकान्यात चार ओळी मोकळ्या आहेत. आपण चौघांनी सह्या कराव्यात, आधार कार्डाची छायाप्रत जोडावी, म्हणजे डीजेही सांगू आणि ड्रोनही.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
हप्ता सुरू असलेला एक यजमान

ता. क. : लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडायला, टोप घासायला आणि वहीत मोजून परत करायला माणसे नेहमी कमी पडतात. आपण चौघे आलात तर नऊच्या आत आटपेल. चहा-पोह्यांची सोय केलेली आहे.