सरळ रेषेतले गृहस्थ

नॉटिंगहॅम म्हणजे रॉबिन हूडचं गाव. नेमबाजीचा अभिमान तिथल्या हवेतच असणार. हल्ली तो धनुष्य सोडून पेनाएवढ्या लेझरमध्ये शिरला आहे. 'वॉरहॅमर ४०,०००' हा टेबलावरच्या युद्धाचा खेळ १९८७ साली बाजारात आणणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय याच शहरात. तेव्हा इथल्या खेळाच्या क्लबात शिरावं आणि लेझरवाले गृहस्थ भेटू नयेत, असं सहसा होत नाही.

बाकीचे सभासद बोटाच्या दोन पेरांएवढे, हाताने रंगवलेले सैनिक जपून टेबलावर मांडत असतात. गृहस्थ आधी खिसा चाचपतात. जुन्या काळच्या शास्त्रीबुवांनी तपकिरीची डबी काढावी तशा तोऱ्यात लेझर बाहेर येतो, भिंतीवर एक ठिपका नाचवला जातो आणि मगच त्यांच्या सैन्याला डब्याबाहेरची हवा लागते.

लेझर लागतो कशाला? नियमच तसा आहे. आपल्या सैनिकाला शत्रू दिसला तर गोळी झाडायची. आणि 'दिसला' म्हणायला शत्रूचं कोपर किंवा गुडघाही पुरतो. म्हणून दोन प्रौढ, संसारी माणसं टेबलाच्या दोन टोकांना गुडघे टेकतात, एकेक डोळा मिटतात आणि पडक्या चर्चच्या खिडकीतून आरपार बघतात. ज्याला जे सोयीचं, तेच त्याला दिसतं.

एच. जी. वेल्सच्या काळी ही भानगड नव्हती. 'लिटल वॉर्स' हे पुस्तक त्याने १९१३ साली लिहिलं. त्यातली खेळण्यातली तोफ स्प्रिंगच्या जोरावर खरोखर लाकडी गोळी उडवायची. शिपाई आडवा झाला की मेला, विषय संपला. त्यानंतर खेळाला जी उतरती कळा लागली ती आपण लेझरने थोपवली, असा गृहस्थांचा ठाम समज आहे. वास्तविक किरण निघतो त्यांच्या चिमटीतून, सैनिकाच्या डोळ्यातून नव्हे. त्यामुळे 'दिसतो की नाही' हा वाद मिटून 'तुझा हात इंचभर वर आहे' हा नवा वाद सुरू होतो, आणि तो जास्त रंगतो.

आता खरी गोम. समोरचा खेळाडूही खात्री करायला वाकलेलाच असतो. म्हणजे त्याची बुबुळं नेमकी किरणाच्या उंचीवर! प्लास्टिकच्या शत्रूवर धरलेला नेम चुकला, तर पलीकडे हाडामांसाचा शत्रू आहे. वाहनचालकाच्या किंवा वैमानिकाच्या डोळ्यांवर लेझर मारून त्याला दिपवणाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टेबलावरच्या प्लास्टिकच्या वैमानिकाला अर्थातच हे संरक्षण नाही, आणि त्याच्या मालकालाही नाही.

कुणी हटकलंच, तर गृहस्थांचं उत्तर तयार असतं. "क्लास दोनचा आहे, एक मिलिवॉटच्या आत. पाव सेकंदात पापणी मिटते." हे बरोबरच आहे. पण या हिशेबात माणूस आपणहून डोळे फाडून बघत बसणार नाही, असं धरलेलं असतं. तीनशे पौंडांचं सैन्य वाचवायला गुडघ्यावर बसलेला माणूस नेमकं तेच करत असतो.

हिरव्या लेझरवाल्यांची तर जातच निराळी. स्वस्तातल्या हिरव्या लेझरच्या पोटात बहुधा न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा डायोड असतो. त्याचाच प्रकाश स्फटिकांतून फिरून हिरवा होतो. काटकसरीत गाळणी वगळली, की उरलेला अवरक्त प्रकाश तसाच बाहेर पडतो आणि त्याला बघून पापणी मिटत नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लाल लेझरपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. डबीवरचा आकडा म्हणजे निवडणुकीतलं आश्वासन, एवढं धरून चालावं.

हे वाचल्यापासून गृहस्थ पालटले. आता ते स्वतःच क्लबाचे सुरक्षा अधिकारी आहेत. नेमणूकही त्यांनीच केलेली. ठिपक्याऐवजी पंख्यासारखी रेघ पाडणारा, कमी शक्तीचा लेझर त्यांनी आणला. तो वरून तिरका धरायचा, म्हणजे रेघ टेबलावर पडते, तोंडावर नाही. दाबण्याआधी "लेझर!" अशी आरोळी. समोरच्याने मान वर केल्याशिवाय बटणाला हात नाही. चकचकीत धातूचे फासे रेघेतून बाजूला, कारण ते किरण कुठे भिरकावतील याचा नेम नाही. नवख्यांच्या लेझरवरची चिठ्ठी ते भिंगातून वाचतात आणि चिठ्ठीच नसेल तर वस्तू रात्रभर स्वतःकडे ठेवतात.

परवा भर डावात त्यांनी आरोळी ठोकली, सगळ्यांनी माना वर केल्या, लाल रेघ टेबलावर उमटली. ती थेट भिंतीच्या कोपऱ्यावर अडली. पलीकडचा रणगाडा साफ सुरक्षित.

"बॅटरी उतरलीय," गृहस्थ म्हणाले, लेझर खिशात टाकला आणि गुडघे टेकून एक डोळा मिटला.