दुसरा मंगळवार

धाराशिव जिल्ह्यातील सुशिक्षित मनुष्य आपला संगणक ‘कंपनीचा’ आहे असे आवर्जून सांगतो, म्हणजे सुटे भाग जोडून केलेला, ज्याला ‘असेंबल’ म्हणतात तसला, तो नव्हे. आणि झाकणावरचे बोधचिन्ह समोरच्याला वाचता येईल अशा बेताने यंत्र मांडणाऱ्या या वर्गात प्रस्तुत लेखकाचीही गणना करावी लागते. ही निष्ठा यंत्राच्या गुणांवर अवलंबून नसते: ते चालले तर श्रेय कंपनीला, अडले तर दोष विजेला, उंदराला किंवा भाच्याला दिला जातो.

तिची कसोटी लागते ती अपडेटच्या वेळी. अपडेट म्हणजे प्रणालीतील उणिवा व सुरक्षेची छिद्रे बुजवण्यासाठी कंपनीने दुरून केलेली डागडुजी. मायक्रोसॉफ्ट ती 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवते, आणि मंगळवार हा तुळजाभवानीचा वार असल्याने या योगाचा विचार येथे विस्ताराने करणे भाग आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा तुळजापुरात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, झालेले असतात. म्हणजे दर्शनाची गर्दी ओसरल्यावर कंपनीचा प्रसाद निघतो आणि तो पदरात पडेपर्यंत बुधवार उजाडतो, त्यामुळे मंगळवारचे पुण्य त्याला लागते की नाही हा प्रश्न अनिर्णितच राहतो. विंडोज 10 च्या ज्या अपडेटने काहींच्या फायलीच पुसल्या आणि जे कंपनीला थांबवावे लागले, ते 2 ऑक्टोबर 2018 रोजी निघाले होते. वार मंगळवारच, पण महिन्यातला पहिला, तेव्हा नेम मोडल्याचे हे फळ असे श्रद्धाळू मनाने म्हटल्यास त्याचे खंडन करणे अवघड आहे.

मात्र खरीप पीकविम्याची मुदत, जी साधारणतः 31 जुलैला संपते, जवळ आली असताना सेवा केंद्रातील पडदा ‘संगणक बंद करू नका’ असे बजावतो, वीज त्याला न जुमानता जाते आणि परत आल्यावर यंत्र अर्धवट केलेले बदल उलट क्रमाने काढत बसते, तेव्हा हसू येत नाही. सातबारा, आठ-अ आणि पासबुक छातीशी धरून उभ्या असलेल्या सोयाबीनवाल्याचा दिवस त्यात जातो. बोधचिन्हाचे तोंड त्याच्याकडे असते, एवढाच त्याचा कंपनीशी संबंध.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवण्याची सोय आहे. केंद्रचालकांनी जूनअखेर यंत्र अद्ययावत करून घ्यावे आणि जुलैभर ती सोय वापरावी.