पॅड पुरे, आता खाली चला

पिल्लू पायपुसण्यावर शू करतं आणि फटका खातं. काही घरांत त्याचं नाक त्या ओल्यात घासतात, म्हणे लक्षात राहावं म्हणून. लक्षात राहतं, पण भलतंच. माणसासमोर शू करायची नाही, एवढंच ते शिकतं. मग ते सोफ्यामागे जातं, पलंगाखाली जातं आणि घरातले म्हणतात, कुत्रं लबाड निघालं!

कसली लबाडी? पिल्लाच्या पंजांना सुरुवातीच्या महिन्यांत पायाखाली जे सवयीचं होतं, तेच ते पुढे शोधत राहतं. घरात शू करायला अंथरतात ते पॅड मऊ असतं. मऊ काही लागलं की शू करायची, हे आपणच त्याला शिकवलं. पॅड, पायपुसणं आणि आजींची सतरंजी यांतला फरक त्याला कुणी सांगितलाय? निदान पॅड घरात आहे तोवर पायपुसणी उचलून ठेवा.

पॅडशी माझं भांडण नाही. पार्व्होचा विषाणू पिल्लांना झपाट्याने नेतो आणि लसींचे डोस साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून १६ व्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडू नका, हे डॉक्टर सांगतात ते योग्यच आहे. बाराव्या मजल्यावरच्या घरात तेवढे दिवस पॅड लागणारच. माझा राग आहे तो डोस पुरे झाल्यावरही पॅड न उचलणाऱ्यांवर. कुत्रं दोन वर्षांचं झालं तरी त्याच्या पायांना माती ठाऊक नसते. त्याला खाली न्यायचा कंटाळा येतो, हे सरळ म्हणा की!

पॅड वापरायचं तर नीट वापरा. जागा एकच हवी आणि ती जेवणाच्या वाटीपासून, अंथरुणापासून लांब. तीन-चार आठवड्यांचं पिल्लूसुद्धा शू करायला आईच्या कुशीतून बाजूला सरकायला लागतं. आपली झोपायची जागा कोरडी ठेवायची ओढ त्याच्यात मुळातच असते, तिचा उपयोग करून घ्या. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं की लगेच त्याला पॅडवर न्या. ढोबळ हिशेब असा, की वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन तास धरू शकतं, आणि तेही रोज जमेलच असं नाही. शू झाली की खाऊ तिथेच, त्याच क्षणी द्या. तुम्ही स्वयंपाकघरातून बिस्कीट घेऊन येईपर्यंत ते कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. चुकलं तर गुपचूप पुसा. फिनेलचा घमघमाट आपल्या नाकाला फसवतो, त्याच्या नाही. एन्झाइमवालं क्लीनर आणा. अमोनियाचं नको, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो.

डोस संपले की पॅड रोज थोडं थोडं दाराकडे सरकवा. नंतर वापरलेलं एक पॅड खाली नेऊन मातीवर ठेवा. वासावरून त्याला जागा कळते. मग घरातलं पॅड काढूनच टाका. सोसायटी लिफ्टमध्ये घेऊ देत नाही, ही सबब चालायची नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. मात्र खाली केलेली शी उचलायची आपणच.

आणि वापरलेली पॅड? त्यांच्या पोटात रासायनिक जेल, पाठीला प्लास्टिक. ती कुजत नाहीत. ओल्या कचऱ्यात कोंबलेलं पॅड कुणीतरी हाताने वेगळं काढतं. कागदात गुंडाळून वेगळं द्यायला कितीसा वेळ लागतो?

घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणार असतील, तर दोन महिन्यांचं पिल्लू आणूच नका. श्वानप्रजननाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी पाच आठवड्यांचं पिल्लू घरी नेणारे भेटतात. निवारागृहांत मोठी कुत्री वाट बघत असतात. त्यांतली बरीचशी सकाळच्या फेरीनंतर दुपारपर्यंत आरामात थांबू शकतात. दुपारी एक फेरी मारून आणणारं माणूस ठरवा आणि त्यांतलंच एखादं घरी आणा.