काटकसरीची मालगाडी

जुन्या वाघिणी जमवणं स्वस्त पडतं, असं मी घरात शपथेवर सांगतो. (जंगलातल्या नव्हेत, खेळण्यातल्या मालगाडीच्या.) ब्रिटिश ‘ओओ’ मापातली वाघीण खरीपेक्षा 76.2 पट लहान. किंमत काही तितकी आकसत नाही. परवा विलायतेहून कोळशाची एक कवडीमोलाने मिळाली. जोडणीचा आकडा तुटका, एक चाक गायब. आकड्यासाठी दुसरी घेतली, चाकासाठी तिसरी. टपालखर्च तिन्हींहून जास्त! एक जाणकार म्हणाला, मुळात रूळच चुकलेत. या मापाला 18.83 मिलिमीटर रुंदी हवी, रूळ 16.5 चे. ऐकून हायसं वाटलं. म्हणजे काटकसर तिकडेही चालते तर. आता वाघिणी ऐटीत उभ्या आहेत. इंजिन? ते पुढच्या दिवाळीला बघू.