रा. रा. शनिवारचा दर यांस

रा. रा. शनिवारचा दर,
मु. पो. कुठल्याही हॉटेलचा काउंटर, झालाना डुंगरी, जयपूर यांस

कृ. सा. न. वि. वि.

आपली तब्येत झकास असल्याचं मोबाइलवर रोज कळत होतं. बुधवारी आपण अडीच हजारांचे होतात. गुरुवारी साडेतीन झालात. शुक्रवारी दिवेलागणीला पाहिलं तर साडेपाचाच्याही पुढे गेला होतात. खोली मात्र तीच. तीच गादी, तोच कुरकुरणारा पंखा, पलंगाच्या डोक्यावर तोच भरतकामाचा उंट. उंटालाही शनिवारी काही जादा मिळतं का, हे विचारायचं राहून गेलं.

दराला कसलं पत्र लिहायचं, मालकाला लिहा, असं कोणी म्हणेल. मालकाला विचारून झालं. ते नम्रपणे म्हणाले, “रेट तो सिस्टम से आता है, साब.” मग बुकिंगवाल्यांना फोन लावला. दर हॉटेलच ठरवतं, आमचा संबंध नाही, असं तिकडून उत्तर आलं. दोघेही खोटं बोलणारे वाटले नाहीत. तेव्हा आपण स्वयंभू आहात, हे मान्य करून थेट आपल्यालाच लिहिणं भाग पडलं.

आपलं कूळ आम्हाला ठाऊक आहे. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, आणि एकाच विमानातल्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांना निरनिराळे भाव लावायचं शास्त्र तिथे वाढीला लागलं. पुढे मोठ्या हॉटेलांनी ते उचललं. रिकामी गेलेली रात्र पुन्हा विकता येत नाही, म्हणून गर्दीला महाग आणि सुनसान दिवशी स्वस्त. हिशेब म्हणून हे चुकीचं नाही. आमची तक्रार अशी की आपण मोठ्यांच्या घरचा रिवाज उचललात आणि तीन मजली, विनालिफ्ट, मालवीय नगरच्या आतल्या गल्लीतल्या हॉटेलात येऊन बसलात. रामबाग राजवाड्याचं हॉटेल १९५७ साली झालं. तिथलं भाडं आम्हाला झेपणार नाही हे आम्ही फाटकाबाहेरूनच ओळखतो. तिथे फसगत नाही. फसगत होते ती ‘बजेट’ अशी पाटी असलेल्या दारात.

आम्ही आलो होतो बिबट्यासाठी. शहराच्या कुशीत झालान्याचं वीसेक चौरस किलोमीटरचं जंगल, एकेकाळी जयपूरच्या राजांची शिकारीची जागा, आणि त्यात वाघाची दहशत नसल्याने निर्धास्त वावरणारे बिबटे. एका बाजूला सरकारी कार्यालयांची रांग, दुसऱ्या बाजूला आग्रा रोड, मध्ये अरवलीची डोंगरधार. आता, आपल्या चेल्यांनी आम्हाला दाखवलेलं पहिलं स्वस्त हॉटेल ‘झालाना सफारीपासून २ किमी’ होतं. होतंही. फक्त मध्ये तो डोंगर होता. आग्रा रोडवरून सफारीच्या फाटकाशी यायचं तर ‘घाट की गूणी’च्या बोगद्यातून वळसा घ्यावा लागतो. दोन किलोमीटरवाला सरळ मार्ग बिबट्यांसाठी राखीव आहे.

दुसरं हॉटेल डोंगराच्या योग्य बाजूला होतं, म्हणून त्याच्या दरात ‘मोफत नाश्ता’ मिळवलेला होता. मोफत गोष्टीमुळे दर वाढतो हे गणित आम्ही शाळेत शिकलो नाही, तो दोष आमच्या शाळेचा. पण थंडीत सकाळची सफारी उजाडताच सुटते, आणि आपला नाश्ता साडेसात ते साडेनऊ. झालान्याला मुक्काम करणारा माणूस त्या वेळी नेमका कुठे असतो, हे काउंटरवरच्या मुलालाही माहीत आहे. त्याने हसून सांगितलं, “पैक नहीं होता, सर.”

आता त्या लाल ओळीबद्दल. ‘घाई करा, फक्त १ खोली शिल्लक! ९ जण हेच हॉटेल पाहत आहेत!’ ती ओळ वाचून आमच्या घरात पळापळ झाली, कार्डाचा नंबर चुकला, एकमेकांना अपशब्द गेले. शनिवारी पोहोचलो तर किल्ल्यांच्या फळीवर निम्म्या किल्ल्या लटकत होत्या. ते ९ जण बहुधा अजून पाहतच असावेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीच काढली. त्यात खोटी घाई दाखवणं आहे, आधी कमी किंमत सांगून मग थेंबाथेंबाने वाढवणं आहे, आणि गुपचूप टोपलीत भलतंच काही टाकणंही आहे. आपण ती यादी वाचली असणार. अभ्यासक्रम समजून वाचली, एवढीच शंका.

थेंब कसे पडतात ते आम्ही मोजले नाहीत, पण चव लक्षात आहे. भाडं, त्यावर सोय-शुल्क, तिसऱ्या माणसाची जमिनीवरची गादी, सहा वर्षांच्या पोराचं पूर्ण माणूस म्हणून झालेलं प्रमोशन, रद्द करण्याचा हक्क हवा असेल तर त्याचे वेगळे. आणि मग खुद्द सरकार. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्यापुढे १८. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. आपण दोनशेने चढलात की आमचे बाराशे जातात. साडेसाती शनीचीच असते हे आजी सांगायची, पण ती साडेसात हजारांपासून लागते हे आम्हाला झालान्यात कळलं.

थेट फोन करून कमी करून घ्या, असा सल्ला जाणकार देतात. केला. हॉटेलवाला कुजबुजत म्हणाला, ऑनलाइनपेक्षा कमी सांगता येत नाही. हॉटेलने स्वतःच्या दारातही स्वस्त विकू नये, अशी अट घातल्याबद्दल २०२२ साली स्पर्धा आयोगाने एका बड्या बुकिंग कंपनीला दोनशे कोटींवर दंड ठोठावला होता. आमच्या हॉटेलवाल्याला ती बातमी पोहोचली नसावी. बिचारा स्वतःच्याच खोल्यांविषयी चोरासारखा बोलत होता.

एक शंका मनात आहे, विचारून टाकतो. १७५० च्या डिसेंबरात थकलेल्या खंडणीसाठी मल्हारराव होळकर जयपूरवर चालून आले आणि तिथले राजे सवाई ईश्वरीसिंहांनी जीव दिला. आमच्या पूर्वजांचं ते वागणं शोभेचं नव्हतं. त्याचीच वसुली आपण मराठी आडनाव पाहून हप्त्याहप्त्याने करत असाल, तर एकदा थकबाकीचा आकडा तरी कळवा.

पण आम्ही हौशी माणसं. बिबट्या नाही पाहिला तरी कोणाचं अडत नाही. आपला खरा पराक्रम पर्यटकांवरचा नाहीच. जयपुरात राज्यभरातून पोरंपोरी परीक्षेला येतात, आणि परीक्षा असते बहुतेक रविवारी. म्हणजे मुक्कामाची रात्र आपली, शनिवारची. २६ सप्टेंबर २०२१ च्या रविवारी राजस्थानची शिक्षक पात्रता परीक्षा झाली, तेव्हा राज्यात सुमारे १६ लाख उमेदवार होते. सरकारने त्यांना बसप्रवास फुकट दिला. कॉपी रोखण्यासाठी इंटरनेट बंद ठेवलं. फुकट बसने बाडमेरहून आलेली मुलगी रात्री कुठे टेकणार, याचं उत्तर मात्र सरकारने आपल्यावर सोपवलं. पुण्यात एमपीएससीच्या आदल्या रात्री एसटी स्टँडवर पिशवी उशाला घेऊन पडलेली पोरं आम्ही पाहिली आहेत, त्यामुळे जयपूरच्या सिंधी कॅम्प बसस्टँडची कल्पना करायला कष्ट पडत नाहीत. बाडमेरच्या त्या मुलीला आपलं शास्त्र ‘मागणी’ म्हणतं.

आमच्याकडे गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. गर्दी यात्रेला होणार हे त्यांनाही दिसत होतंच. म्हणूनच तर बांधल्या. एकादशीचा वेगळा दर लावावा हे त्यांना सुचलं नाही. अशिक्षित माणूस, काय करणार.

तेव्हा विनंती फार नाही. चढायचं तेवढं चढा, पण पहिल्याच ओळीत पूर्ण उंची सांगा, कर, गादी, पोर धरून. नाश्ता उजाडायच्या आत द्या किंवा त्याचे पैसे कापा. आणि परीक्षेच्या रविवारी ज्याच्या हातात प्रवेशपत्र असेल, त्याच्यासाठी आपण बुधवार व्हा.

कळावे, लोभ आवरावा.

आपला,
आगाऊ पैसे भरलेला एक पाहुणा

ता. क. उत्तर पाठवल्यास स्वीकारण्याची फी, कर आणि हाताळणी खर्च पाकिटावर आधीच लिहावा. पाकीट फोडल्यावर सांगू नये.